कोकणातली मुलं, घरची परिस्थिती आणि हृदय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी शाळा आरोग्य तपासणीच्या पथकात डॉक्टर आहे. वजनकाटा, उंचीची पट्टी, बीपीचं यंत्र आणि बॅटरी घेऊन आमची गाडी रस्ता संपतो तिथपर्यंत जाते, पुढे पाखाडीने चालत. खालचे प्रश्न पालकसभेत, जेटीवर आणि एसटीची वाट बघताना लोकांनी विचारलेले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, काही एका ओळीत संपली आहेत. प्रश्नच तसे होते.

अहो डॉक्टर, हार्टअटॅक पन्नाशीतला. नववीतल्या पोराच्या मागे तो कशाला लावता?

झटका पन्नाशीत येतो, पण त्याची तयारी फार आधीपासून चाललेली असते. कोरियाच्या युद्धात मेलेल्या 300 अमेरिकी सैनिकांची हृदयं डॉक्टरांनी उघडून पाहिली आणि 1953 साली निष्कर्ष छापले. सैनिकांचं सरासरी वय 22 होतं, आणि 77 टक्के जणांच्या हृदयाच्या धमन्यांत रोगाच्या खुणा होत्या. धडधाकट, कवायत करणारी मुलं होती ती. पुढे लुइझियाना राज्यातल्या बोगालुसा गावात 1970 च्या दशकापासून शाळकरी मुलांच्या नोंदी ठेवल्या गेल्या, तेव्हा हा धागा आणखी मागे गेला. लहानपणी बीपी आणि कोलेस्टेरॉल जितकं जास्त, तितके धमन्यांतले चरबीचे पट्टे जास्त.

आपल्याकडे तर उसंतही कमी. इंटरहार्ट या अनेक देशांतल्या अभ्यासाच्या 2007 साली छापलेल्या निष्कर्षांत दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका येण्याचं सरासरी वय 53 निघालं, इतर देशांत ते 58.8 होतं.

पण हा तर बसून खाणाऱ्या श्रीमंतांचा रोग ना? आम्ही दिवसभर राबतो.

हा समज पूर्वी अगदीच निराधार नव्हता, म्हणून तो अजून टिकून आहे. आता चित्र उलटलंय. सतरा देशांतल्या लोकांवर झालेल्या ‘प्युअर’ अभ्यासाने 2014 मध्ये दाखवलं, की गरीब देशांत धोक्याच्या सवयी आणि लक्षणं सर्वांत कमी, तरीही झटके आणि मृत्यू सर्वांत जास्त. त्या गरीब देशांत भारत होता. आजार उशिरा कळतो, गोळी परवडत नाही, दवाखाना लांब.

यापेक्षा मला लंडनच्या सरकारी कचेरीतली गोष्ट जास्त बोलकी वाटते. 1967 साली तिथल्या पुरुष कर्मचाऱ्यांची तपासणी सुरू झाली. सगळे पगारदार, उपाशी कुणी नाही, दवाखाना सगळ्यांना सारखाच. तरी सर्वांत खालच्या श्रेणीतल्या माणसांत, म्हणजे आपल्याकडच्या शिपायांसारख्यांत, हृदयविकाराचे मृत्यू वरच्या साहेबांच्या सुमारे तिप्पट निघाले. सिगारेट, बीपी, कोलेस्टेरॉल सगळं हिशेबात धरलं तरी त्या फरकाचा थोडाच भाग उलगडला. उरलेल्या भागात माणसाच्या हातात स्वतःच्या आयुष्याचा किती लगाम आहे, हे येतं. उद्या बोट निघेल का, बागायतदार कामाला बोलवेल का, मुंबईहून पैसे येतील का, हे ज्यांना आज ठाऊक नसतं त्यांना ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

आमचा पोरगा काडीसारखा आहे. चरबीचा प्रश्न येतोच कुठे?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो, आणि याचंच उत्तर कुणाला पटत नाही. म्हणून जरा सविस्तर.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत 1993 पासून गरोदर बाया आणि त्यांच्या बाळांचा पाठपुरावा केला. तिथल्या बाळांचं जन्मवजन सरासरी 2.7 किलो, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं 3.5 किलो. आपली बाळं हाडामांसाने आणि पोटातल्या अवयवांनी बारीक होती, पण अंगावरची चरबी त्या मानाने राखून होती. दिसायला बारीक, आतून चरबीदार. याज्ञिकांनी 2004 मध्ये स्वतःचंच उदाहरण छापलं: त्यांचा आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, 22.3. युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या 21.2 टक्के.

याला कारण आळस नव्हे. आई स्वतः लहान चणीची, पोटुशी असताना लावणीला वाकलेली, डोक्यावर पाण्याचा हंडा, ताटात शेवटी उरलेलं. पोटातलं बाळ मिळेल त्यात भागवायला शिकतं. डेव्हिड बार्कर या इंग्रज डॉक्टरने 1980 च्या दशकात मांडलेला विचार हाच: जन्मताना लहान असलेल्यांत पुढे हृदयविकार जास्त. अशा शरीराला पंधराव्या वर्षी पामतेलात तळलेला वडा आणि पाच रुपयांचं गोड बिस्किट रोज मिळू लागलं, की साखर आणि बीपी चढायला वजन वाढावं लागत नाही.

2016 ते 2018 या काळात देशभरात मुलांच्या पोषणाचं जे सर्वेक्षण झालं, त्यात 10 ते 19 वयाची 24 टक्के मुलं वयाच्या मानाने बारीक होती आणि जादा वजनाची फक्त 5 टक्के. तरी साधारण 10 टक्के मुलं मधुमेहाच्या उंबरठ्यावर आणि 5 टक्के मुलांचं बीपी वाढलेलं निघालं. आपल्याच चिपळूण तालुक्यात, डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाने 16 ते 18 वयाच्या कोकणी मुलींचा अभ्यास हाती घेतला आहे, तो याच शंकेतून.

घरच्या घरी एक करून बघा. मुलाच्या उंचीएवढी सुतळी घ्या, मधोमध दुमडा आणि बेंबीच्या रेषेत कमरेभोवती गुंडाळा. टोकं जुळली नाहीत, तर काडीसारख्या पोरालाही एकदा दाखवून घ्या.

घसा दुखण्याचा आणि हृदयाचा काय संबंध?

गरिबी आणि हृदय यांचा इतका सरळ संबंध दुसऱ्या कुठल्याच आजारात दिसत नाही. आणि हा इतका टाळता येण्याजोगा आहे, की लिहिताना राग येतो.

स्ट्रेप्टोकॉकस नावाच्या जंतूने घसा धरतो. वय बहुधा 5 ते 15. एका खोलीत सहा-सात जण झोपत असतील, पावसाळ्यात दारं-खिडक्या लावलेल्या असतील, आश्रमशाळेत अंथरुणाला अंथरूण लागलेलं असेल, तर तो झपाट्याने पसरतो. घसा आठवड्यात बरा होतो. पण या जंतूची रचना आणि आपल्या हृदयाच्या पेशींची रचना यांत थोडं साम्य आहे, त्यामुळे जंतूशी लढायला उठलेली शरीराची फौज काही मुलांत हृदयावरच उलटते. दोन-चार आठवड्यांनी ताप येतो, गुडघा सुजतो, तो उतरला की घोटा, मग कोपर. हा संधिवाताचा ताप. सांधे धड होतात, हृदयाची झडप मात्र जायबंदी राहू शकते. डॉक्टरांत जुनी म्हण आहे, की हा ताप सांधे चाटतो आणि हृदयाला चावतो.

काही मुलांत, विशेषतः मुलींत, वेगळंच दिसतं. हातपाय आपोआप झटके मारतात, ताटली हातातून पडते, अक्षर बिघडतं, उगाच रडू येतं. एका शाळेत अशा सातवीतल्या मुलीला वहीतल्या अक्षरावरून दोन महिने ओरडा बसत होता. घरच्यांनी ‘बाहेरचं’ म्हणून अंगारेधुपारेही केले होते. स्टेथोस्कोप छातीला लावला तेव्हा झडपेचा आवाज आला.

बहुतेक घसादुखी साध्या विषाणूची असते आणि तिला अँटिबायोटिक लागत नाही. पण एकाएकी जोराचा ताप, गिळताना दुखणं, मानेत गाठी, टॉन्सिलवर पांढरं, आणि खोकला-सर्दी नाही, असं असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. दुखणं सुरू झाल्यापासून नऊ दिवसांच्या आत पेनिसिलिन सुरू झालं तरी संधिवाताचा ताप टळतो. गोळ्या दिल्या तर दहाही दिवस घ्यायच्या. तिसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून उरलेल्या धाकट्या भावासाठी ठेवायच्या नाहीत.

मुलीला दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन सांगितलंय. तिला आता काहीच त्रास नाही. बंद केलं तर?

बंद करू नका. एकदा हा ताप येऊन गेला, की पुढची प्रत्येक घसादुखी झडप आणखी खराब करू शकते. इंजेक्शन आजच्या त्रासासाठी नसतं, पुढचा घाला अडवण्यासाठी असतं. हृदयाला धक्का लागला नसेल तर निदान पाच वर्षं किंवा वयाच्या अठरापर्यंत, यांतलं जे लांब असेल ते. हृदयाला धक्का लागला असेल तर दहा वर्षं किंवा पंचविशीपर्यंत, यांतलं जे लांब असेल ते. झडप फारच खराब असेल तर कधी जन्मभर.

हे सांगणं सोपं आहे, ते मलाही कळतं. इंजेक्शन घट्ट असतं, खुब्यात दिवसभर ठणकतं. सकाळची एसटी चुकली तर दुपारची. आईचा रोज बुडतो, मुलीची शाळा बुडते. काही ठिकाणी ॲलर्जीच्या धास्तीने इंजेक्शन द्यायलाच टाळाटाळ होते. तारखा चुकवणाऱ्या घरांना मी बेफिकीर म्हणणार नाही. पण कॅलेंडरवर एकवीस-एकवीस दिवसांच्या खुणा करा, आशाताईंना ती तारीख सांगून ठेवा, आणि एखादी चुकलीच तर पुढच्या तारखेची वाट न बघता लगेच जा. मुलीच्या बाबतीत याला जास्त महत्त्व आहे. आकसलेली झडप वर्षानुवर्षं गप्प राहते आणि पहिल्या गरोदरपणात, रक्ताचा भार वाढला की, धाप लावते.

आम्ही रोज मासे खातो. म्हणजे हृदय ठणठणीतच?

ताजा बांगडा, तारली, पेडवे खात असाल तर उत्तम. स्वस्त मासळीतच हृदयाला चांगलं तेल जास्त असतं. पापलेट परवडत नाही म्हणून हळहळू नका.

पण पावसाळ्यातलं ताट बघा. जून-जुलैत मासेमारी बंद, हातात पैसा नाही, मग भात, सुकट, खारा बांगडा, सोडे, वर लोणचं आणि पापड. भात पोटभर, मीठ वारेमाप. मोठ्या माणसाला दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, याहून जास्त नको असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मुलांना त्याहून कमी. सुकी मासळी सोडा असं सांगणाऱ्याला कोकण ठाऊक नाही. ती कोमट पाण्यात भिजवा, दोनदा पाणी बदला, कालवणात वेगळं मीठ घालू नका आणि त्या दिवशी लोणच्याची बरणी काढू नका. कुळथाची पिठी, नाचणीची भाकरी, टाकळा, भारंगी, शेवग्याचा पाला ही गरिबाची म्हणून हिणवली गेलेली जेवणं या बाबतीत शहरातल्या डाएटच्या तक्त्यांना भारी आहेत. पोरांना मात्र त्यांची लाज वाटते. डब्यात भाकरी आणली म्हणून हसणारी मुलं मी पाहिली आहेत, आणि त्यावर औषध माझ्या पेटीत नाही.

नारळ बंद करायचा का?

नाही. वाटपातला नारळ खा. पामतेल आणि पुन्हापुन्हा तापवलेलं तळणीचं तेल कमी करा.

मशेरी तर दात घासायला. ती काय तंबाखू थोडीच?

तीच. भाजून कुटलेली तंबाखू. आजी लावते, आई लावते, आणि दात दुखतो म्हणून बारा वर्षांची नात पहिल्यांदा बोट लावते. चुळ भरून टाकली तरी निकोटीन हिरड्यांतून रक्तात गेलेलं असतं. नाडी वाढते, बीपी वाढतं, आणि काही महिन्यांत सकाळी मशेरीशिवाय पोट साफ होत नाही. मुंबईतल्या गरोदर बायांवर 2004 मध्ये छापलेल्या एका अभ्यासात मशेरीसारखी बिनधुराची तंबाखू घेणाऱ्यांची बाळं सरासरी 105 ग्रॅमने हलकी भरली. वर लिहिलेली 2.7 किलोची गोष्ट आठवा.

गुटख्यावर महाराष्ट्रात 2012 पासून बंदी आहे. अठराखालच्यांना तंबाखू विकायला आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत विकायला 2003 च्या कायद्याने मनाई आहे. टपरी कुठे आहे हे गावातल्या प्रत्येकाला माहीत असतं. 2019 च्या देशव्यापी पाहणीत 13 ते 15 वयाच्या 8.5 टक्के शाळकरी मुलांनी तंबाखू घेत असल्याचं सांगितलं. जेटीवर आणि वीटभट्टीवर असलेल्या, शाळा सुटलेल्या मुलांना ही पाहणी विचारायलाच गेली नव्हती.

मुलगा रोज साकव ओलांडून तीन किलोमीटर शाळेत चालतो. आणखी काय व्यायाम?

तो चालतोय तोवर काही नको. दिवसाला सरासरी एक तास दमवणारी हालचाल एवढीच अपेक्षा आहे, आणि पाखाडी चढणारं पोर ती सहज पुरी करतं. गाडं अडतं ते पुढे. वाडीतली शाळा पट कमी म्हणून बंद होते, मूल रिक्षाने दूरच्या शाळेत जाऊ लागतं, दहावीनंतर काकाची बाइक हाताशी येते. मुलींचं तर सातवी-आठवीतच खेळणं थांबतं, कारण अंगण उतारावर, मैदान मुलग्यांच्या क्रिकेटचं, आणि अंधार पडायच्या आत घरात. जगभरात 2016 साली 11 ते 17 वयाची 78 टक्के मुलं आणि 85 टक्के मुली पुरेशी हालचाल करत नव्हती. कबड्डी, लंगडी, खो-खो यांना फार जागा लागत नाही. मुलींसाठी संध्याकाळी अर्धा तास मैदान राखून ठेवणं ग्रामपंचायतीच्या हातात आहे, त्याला कुठला निधी लागत नाही.

वडील मुंबईला, आई काजूच्या कारखान्यात. घरात ताण आहे हे खरं, पण ताणाने पोराचं हृदय बिघडतं?

एक-दोन वाईट दिवसांनी नाही. रोजच्या, न संपणाऱ्या काळजीने मात्र शरीर सतत सावध राहतं. कॉर्टिसोलसारखी संप्रेरकं चढी राहतात, झोप उडते, बीपी वर राहतं, चरबी पोटाभोवती जमते. 3 जून 2020 ला निसर्ग वादळाने श्रीवर्धन-दापोलीकडच्या नारळी-पोफळी आडव्या केल्या, 22 जुलै 2021 ला चिपळूण पाण्याखाली गेलं. घराच्या पंचनाम्यात मुलांच्या झोपेचा रकाना नसतो.

या वयात आठ ते दहा तास झोप लागते. पहाटे बोटीवर जाणारा सोळा वर्षांचा मुलगा ती कुठून आणणार? त्याला ‘मोबाइल कमी बघ’ एवढंच सांगून मी मोकळा होऊ शकत नाही. त्याच्या आईशी, शिक्षकांशी, जमलं तर तांडेलाशी, म्हणजे बोटीच्या म्होरक्याशी, बोलावं लागतं. मन फार खालावलेलं वाटलं, तर उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयातल्या ‘मैत्री’ क्लिनिकमध्ये किशोरवयीन मुलांशी बोलायला समुपदेशक असतात.

इतक्या लहान वयात बीपी कोण बघतं? किती असावं?

कुणी बघत नाही, म्हणूनच सापडत नाही. तेरा वर्षांवरच्या मुलांत 120/80 च्या खाली असावं. 130/80 किंवा त्यावर गेलं आणि वेगवेगळ्या दिवशी तीनदा तसंच आलं, तर पुढची तपासणी. एकदाच जास्त आलं म्हणून घाबरू नका. धावत आलेल्या किंवा माझ्या पांढऱ्या कोटाला घाबरलेल्या पोराचंही चढतं. आणि दंडाला पट्टा मापाचा हवा. बारीक दंडावर मोठ्यांचा पट्टा लावला तर बीपी असेल त्याहून कमी दिसतं.

छातीत दुखतं म्हणते. हार्टअटॅक असेल का?

या वयात बहुतेक वेळा स्नायू, पित्त किंवा भीती. पण खेळताना छातीत दुखणं, पळता पळता चक्कर येऊन पडणं, रात्री आडवं झाल्यावर धाप, ओठ निळे पडणं, किंवा घरात कुणी तरुणपणी एकाएकी गेलेलं असणं, यांतलं काही असेल तर वाट बघू नका, 108 ला फोन करा किंवा थेट ग्रामीण रुग्णालयात न्या.

खर्चाचं काय? आमच्याने ऑपरेशन होणार नाही.

बहुतेक वेळा तो करावा लागत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 6 फेब्रुवारी 2013 ला आपल्याच किनाऱ्यावर, पालघरला सुरू झाला. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची शाळेत वर्षातून एकदा तपासणी, आणि जन्मजात छिद्र असो वा झडपेचा आजार, पुढचे उपचार मोफत. शिवाय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयात गेलात, की ‘आरोग्यमित्र’ लिहिलेलं टेबल शोधायचं.

या योजनांत भोकं तरी आहेतच. ऑपरेशन फुकट होतं, पण कोल्हापूर किंवा मुंबईत पंधरा दिवस राहायचा खर्च आणि बुडालेला रोज कुणी देत नाही. तपासणीच्या दिवशी मूल गैरहजर असलं तर ते वर्षभर सुटतं, आणि गैरहजर असतात ती नेमकी कातकरी वाडीतली, आईबापांबरोबर कोळशाच्या किंवा विटांच्या भट्टीवर गेलेली मुलं. मग शाळेत मिळणारं दुपारचं जेवण आठवीपर्यंतच. नववीत, अंगाने भराभर वाढायच्या वयात, ताट काढून घेतलं जातं. माझ्या मते ते दहावीपर्यंत द्यायला हवं, आणि हे मी प्रत्येक अहवालात लिहितो.

मुलगी निळ्या गोळ्या खिडकीतून फेकते. चालेल?

नाही. त्या आठवड्याला एक घ्यायच्या लोहाच्या गोळ्या आहेत. 2019 ते 2021 च्या सर्वेक्षणात देशातल्या 15 ते 19 वयाच्या 59.1 टक्के मुलींच्या अंगात रक्त कमी निघालं. रक्त कमी असलं की हृदयाला जास्त जोर लावावा लागतो, आणि याच मुली पुढे लहान बाळांच्या आया होतात. उपाशी पोटी मळमळतं म्हणून त्या फेकतात. जेवल्यावर द्या, आणि त्यावर लगेच चहा देऊ नका.

बीपी तपासायला उपाशी यायचं का?

नको. जेवून या, फक्त मशेरी लावून येऊ नका. पाच मिनिटं बाकावर शांत बसा, लघवीला जाऊन या, आणि शर्टाची बाही सैल असू द्या.